नंबर नाही, ‘सिक्स बाय सिक्स’ आहे, मग वाचताना एक डोळा का झाकतो?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा ९ वर्षांचा, चौथीत. शाळेतल्या तपासणीत दोन्ही डोळ्यांना ६/६, चष्म्याच्या दुकानातल्या कम्प्युटरवरही नंबर निघाला नाही. तरी वाचायला बसला की दहा-पंधरा मिनिटांत डोळे चोळायला लागतो, ओळ सुटते, तीच ओळ पुन्हा वाचतो, डोकं दुखतं म्हणतो. हल्ली तर एक डोळा तळहाताने झाकून वाचतो. शाळेतल्या बाई म्हणतात, अभ्यासात लक्ष नाही. उत्तरायणला अगाशीवर पतंग बघताना सारखा डावा डोळा मिटत होता आणि त्या दिवशीच्या एका फोटोत तो डोळा बाहेरच्या बाजूला गेलेला दिसतो. सासूबाईंचं म्हणणं, बारीक तिरळेपणा नशीबवान माणसाला असतो, वाढत्या वयात जातो. एका ठिकाणी तुम्हाला ४० बैठकांचं ‘व्हिजन थेरपी’चं, म्हणजे डोळ्यांच्या व्यायामांचं पॅकेज सांगितलंय. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की मधुमेह असलेल्या आजोबांना गेल्या वर्षी काही महिने दोन-दोन दिसत होतं, तर हे घराण्यातच आहे का?

मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासणारी तज्ज्ञ आहे. बडोद्यात २६ वर्षं हेच काम करते, त्यातलं बरंचसं लहान मुलांच्या तिरळेपणाचं आणि दोन डोळ्यांच्या ताळमेळाचं. शस्त्रक्रिया मी करत नाही, ती तिरळेपणाचे सर्जन करतात. मोजमाप, चष्मा, डोळ्यावर लावायची पट्टी आणि व्यायाम हा माझा भाग. मुलाला तपासल्याशिवाय निदान सांगता येत नाही आणि मी ते सांगणारही नाही. पण तुम्ही जे टिपलंय ते इतकं नेमकं आहे की विचार कुठल्या दिशेने करायचा, हे नक्की सांगता येईल.

सगळ्यात आधी ६/६ बद्दल, कारण तुमची सगळी अडचण तिथे आहे. ज्या तक्त्यावर हे मोजतात तो डच नेत्रवैद्य स्नेलन यांनी १८६२ मध्ये तयार केला. मूल ६ मीटरवर बसतं, एक डोळा झाकतं आणि स्थिर उभी असलेली सुटी अक्षरं वाचतं. मग दुसरा डोळा. म्हणजे आपल्याला कळतं ते इतकंच की प्रत्येक डोळा एकेकटा, लांबचं, काही सेकंद स्पष्ट बघू शकतो. अभ्यासाचं पुस्तक असतं ३०-३५ सेंटिमीटरवर. तिथे दोन्ही डोळे नाकाकडे वळावे लागतात, डोळ्यातलं भिंग जवळच्या अंतरावर जमवावं लागतं, ते दोन्ही तसंच धरून ठेवून नजर शब्दाशब्दावर उडी मारत न्यावी लागते आणि ओळ संपली की नेमक्या पुढच्या ओळीच्या सुरुवातीला आणावी लागते. प्रत्येक डोळ्याला बाहेरून सहा स्नायू, त्यांना चालवणाऱ्या तीन नसा, आणि दोन डोळ्यांकडून आलेली दोन चित्रं जुळवून एक करणारा मेंदू. यातलं काहीही शाळेच्या तपासणीत बघितलं जात नाही. त्या तपासणीचा हेतूच वेगळा असतो, त्यामुळे शाळेची चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण ‘६/६ आहे, म्हणजे डोळ्यांना काही नाही’ हे वाक्य मी ज्या ज्या वेळी ऐकते, त्या प्रत्येक वेळी मला वाईट वाटतं, कारण त्यानंतर मुलाला बोलणी बसायला सुरुवात झालेली असते.

दुकानातल्या कम्प्युटरचंही तसंच. ते यंत्र चांगलं आहे, मीही वापरते. पण लहान मुलांच्या डोळ्यात ताकद भरपूर असते. मूल यंत्रात बघताना नकळत जोर लावतं आणि त्याचा प्लस नंबर लपून जातो. कधी तर उलटा, नसलेला मायनस नंबर दिसतो. म्हणून मुलांचा नंबर औषध घालून, डोळ्याची ती ताकद थोडा वेळ सैल करून बघावा लागतो. त्याबद्दल पुढे लिहिते.

आता तुमच्या वर्णनातल्या दोन गोष्टी मी वेगवेगळ्या ठेवते. वाचताना होणारा त्रास ही एक, उन्हात डोळा मिटणं ही दुसरी.

वाचताना डोळे चोळणं, ओळ सुटणं, डोकं दुखणं आणि मुख्य म्हणजे एक डोळा झाकल्यावर बरं वाटणं, यावरून माझं लक्ष पहिल्यांदा डोळे नाकाकडे वळवण्याच्या ताकदीकडे जातं. ती कमी असली की जवळ बघताना दोन्ही डोळे एका बिंदूवर टिकत नाहीत. अक्षरं पुसट होतात, हलल्यासारखी वाटतात, कधी दोन दिसतात. एक डोळा झाकला की भांडणच संपतं. मुलं हा उपाय स्वतःच शोधून काढतात. कोणी हात लावून, कोणी डोकं हातावर टेकवून, कोणी वहीवर इतकं वाकून की नाकच मध्ये येतं. ‘तुला दोन दिसतात का?’ असं विचारलं तर बहुतेक मुलं नाही म्हणतात, कारण सगळ्यांना असंच दिसतं अशी त्यांची समजूत असते. मी विचारते, ‘अक्षरं कधी चालतात का?’ त्यावर जी मान हलते ना, ती बघून सोबत आलेली आईच दचकते.

हे मोजायला फार मोठं यंत्र लागत नाही. एका पट्टीवर सरकणारं बारीक चिन्ह असतं, ते मी मुलाच्या नाकाच्या दिशेने हळूहळू जवळ आणते. दोन्ही बुबुळं आत वळत येतात, वळत येतात, आणि एका ठिकाणी एक डोळा हळूच सोडून देतो आणि बाहेर सरकतो. साधारण ६ सेंटिमीटरपर्यंत दोन्ही डोळे टिकले तर ठीक. मी १२, १५, कधी २० सेंटिमीटरवर सोडणारी मुलं बघते. हे एकदा करून थांबायचं नाही, पाच-सहा वेळा करायचं. पहिल्या वेळी ७ वर सोडणारं मूल सहाव्या वेळी १४ वर सोडतं, आणि तुमच्या मुलाला त्रास बसल्या बसल्या न होता दहा-पंधरा मिनिटांनी होतो, त्याचं कारण अनेकदा हेच असतं.

पण असाच त्रास आणखी दोन कारणांनी होतो. एक, डोळ्यातलं भिंग जवळ जमवण्याची ताकद कमी असणं किंवा जवळून लांब बघताना ते पटकन न सुटणं. असं मूल वहीवरून फळ्याकडे बघितल्यावर दोन क्षण धुरकट दिसतं म्हणून सांगतं. दोन, तो लपलेला प्लस नंबर. प्लस नंबरचं मूल दिवसभर जोर लावून बघतं आणि संध्याकाळी कपाळ धरून बसतं. तिथे साधा चष्मा पुरतो, व्यायाम लागतच नाहीत. म्हणूनच निदानाआधी पॅकेज घेऊ नका असं मी म्हणते.

दुसरी गोष्ट उत्तरायणची. ही माहिती तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाची वाटली. कडक उन्हात, लांब मोकळ्या आकाशात बघताना एक डोळा मिटणं हे अधूनमधून बाहेर जाणाऱ्या तिरळेपणाचं अगदी ओळखीचं लक्षण आहे. हा डोळा दिवसातला बराच वेळ सरळ असतो. मूल थकलं, तापलं, तंद्रीत गेलं, लांब बघत बसलं की बाहेर सरकतो आणि हाक मारली की जागेवर येतो. दवाखान्यात मूल सावध असतं, त्यामुळे तिथे तो दिसतही नाही, आणि आई सांगत असते ते कोणालाच खरं वाटत नाही. बडोद्यात दर जानेवारीत, उत्तरायण झाली की पुढच्या आठवड्यात अशी दोन-तीन मुलं माझ्याकडे येतातच. वर्षभर घरात कोणाच्या लक्षात आलेलं नसतं. अगाशीवर फिरकी धरून उभ्या असलेल्या काकाच्या नजरेला पडतं.

म्हणजे तुमच्या मुलाला जवळ बघताना त्रास आहे आणि लांब बघताना डोळाही सरकतोय, असं असू शकतं. दोन्ही एकाच मुळातून आलेलं असेल किंवा वेगवेगळं असेल. हे ठरतं ते लांब आणि जवळ, दोन्ही अंतरांवर डोळा किती सरकतो ते प्रिझमने, म्हणजे प्रकाश वळवणाऱ्या काचेने मोजल्यावर.

एक खुलासा. चपटं नाक आणि नाकाशी डोळ्याच्या कोपऱ्यावर येणारी कातडी यांमुळे काही बाळांचे डोळे आत गेल्यासारखे वाटतात, ते खरं तिरळं नसतं. पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे जाणंही चालतं. त्यानंतर दिसलेला कोणताही तिरळेपणा, सतत असो वा अधूनमधून, तपासायलाच हवा. सासूबाईंना प्रेमाने सांगा की नशिबाचा भाग आपण नाकारत नाही, पण डोळा तपासून घेऊ. वाढत्या वयात आपोआप जाईल म्हणून वाट बघण्याची किंमत कधी कधी मोठी असते.

ती किंमत म्हणजे आळशी डोळा. दोन डोळ्यांतलं एक चित्र सतत पुसट किंवा दुसऱ्याशी न जुळणारं असेल तर लहान मुलाचा मेंदू ते चित्र बाजूला टाकायला शिकतो. डोळा बाहेरून निरोगी, पण त्याची नजर घडतच नाही. मेंदू लहान वयात असा घडतो हे मांजराच्या पिल्लांवरच्या प्रयोगांतून दाखवणाऱ्या ह्यूबेल आणि वीझल यांना १९८१ चं नोबेल मिळालं. शंभरातल्या साधारण दोन-तीन मुलांना आळशी डोळा असतो, आणि त्यातल्या पुष्कळांना तिरळेपणा मुळीच नसतो. नुसता एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा जास्त असतो. चांगल्या डोळ्यावर मूल धावतं, खेळतं, पहिला नंबर काढतं. कोणाला कळणार?

इथे माझ्याच हातून झालेली एक चूक सांगते, कारण ती मी अजून विसरलेले नाही. कामाला लागून दुसरंच वर्ष होतं. पाच वर्षांची मुलगी, एक डोळा स्वतःच्या तळहाताने झाकून अक्षरं वाचली, मग दुसरा. दोन्ही ६/६ लिहून मी कागद दिला. तीन वर्षांनी ती परत आली तेव्हा डाव्या डोळ्याची नजर ६/३६ होती, म्हणजे जे अक्षर ३६ मीटरवरून वाचता यायला हवं ते तिला ६ मीटरवरून वाचता येत होतं. पहिल्या वेळी ती बोटांच्या फटीतून उजव्याच डोळ्याने वाचत होती. त्यात लबाडी नव्हती, तिला दुसऱ्या डोळ्याने दिसतच नव्हतं, मग बिचारी काय करणार. त्या दिवसापासून मी कोणत्याही मुलाला हाताने डोळा झाकू देत नाही. कागदी चिकटपट्टी लावते. तुमच्या मुलाची शाळेतली ६/६ कशी घेतली होती ते आपल्याला माहीत नाही, म्हणून तीही पुन्हा घ्यावी लागेल.

त्या मुलीची नजर चांगला डोळा रोज काही वेळ पट्टीने झाकून बरीच सुधारली. ‘आठ वर्षांनंतर काही होत नाही’ हे जुनं मत आता तसं राहिलेलं नाही. लवकर सुरू केलं तर जास्त फायदा हे खरंच, पण ७ ते १२ वयातल्या निम्म्याच्या आसपास मुलांत चष्मा, पट्टी आणि डोळ्यात घालायच्या औषधाने सुधारणा होते, असं अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात २००५ मध्ये दिसलं. मध्यम आळशी डोळ्याला सात वर्षांखालच्या मुलांत रोज २ तास पट्टी आणि ६ तास पट्टी यांत चार महिन्यांनंतर फरक आढळला नाही, हेही २००३ पासून माहीत आहे. दिवसभर डोळा बांधून मुलाला रडवायची गरज बहुतेकांना नसते. अधूनमधून सरकणाऱ्या डोळ्यात नजर बहुधा टिकून असते, तेव्हा तुमच्या मुलाबाबत मला या बाजूने फार काळजी वाटत नाही. पण खात्री करून घेऊ.

आता पॅकेज. व्हिजन थेरपी सगळी खोटी असं म्हणणारे आहेत, सगळ्यावर चालते म्हणणारेही आहेत. मी व्यायाम देते आणि मला त्यांचा गुण माहीत आहे, म्हणून त्यांची मर्यादाही स्पष्ट सांगते. डोळे आत वळवण्याची ताकद कमी असेल तर व्यायामाचा उपयोग होतो. २००८ मध्ये ९ ते १७ वयाच्या २२१ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १२ आठवडे, आठवड्यातून एकदा दवाखान्यात तासभर आणि घरी आठवड्यातले पाच दिवस रोज १५ मिनिटं असे व्यायाम केलेल्यांत ७३ टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली. घरी नुसती पेन्सिल नाकाजवळ आणण्याचा व्यायाम करणाऱ्यांत ४३ टक्के, आणि लुटुपुटूचे व्यायाम दिलेल्यांत ३५. म्हणजे व्यायाम खरे आहेत, पण नीट, कोणीतरी बघत असताना केलेले.

पण पुढचा अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यात ३१० मुलं होती. व्यायामाने वाचनाची समज वाढते का, असा त्याचा प्रश्न होता. लुटुपुटूच्या व्यायामांपेक्षा ती जास्त वाढली नाही. वाचन-लेखनाची जी मूळ अडचण असते, डिस्लेक्सिया म्हणतात ती, त्यावर डोळ्यांचे व्यायाम हा उपचार नाही. म्हणून कोणी तुम्हाला मार्क वाढतील, एकाग्रता वाढेल, चष्मा जाईल असं सांगून ४० बैठका विकत असेल तर थांबा. त्यांना विचारा, निदान काय लिहिलंय, आजचे आकडे काय आहेत, आणि सहा आठवड्यांनी कोणते आकडे बदललेले दिसतील. ज्याच्याकडे आकडे आहेत तो हे आनंदाने सांगेल. माझ्याकडे बहुतेक मुलांना १२ ते १६ आठवडे लागतात. सहा आठवड्यांत काहीच हललं नाही तर मी व्यायाम वाढवत नाही, निदान पुन्हा बघते.

सरकणारा डोळाच मुख्य निघाला तर काय? तो किती वेळा सरकतो आणि मेंदू त्यावर ताबा ठेवू शकतो का, यावर सगळं अवलंबून. अनेक मुलं वर्षानुवर्षं तशीच स्थिर राहतात आणि नुसती दर चार-सहा महिन्यांनी तपासणी पुरते. डोळा जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ बाहेर राहायला लागला किंवा खोली, म्हणजे वस्तूंमधलं जवळ-लांब, जाणवण्याची नजर कमी व्हायला लागली तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. डोळा बाहेर काढून ठेवतात ही भीती कृपा करून मनातून काढा. स्नायू डोळ्याच्या गोळ्याच्या बाहेरून चिकटलेले असतात, त्यांची जागा मिलिमीटरच्या हिशेबाने बदलतात, मूल बहुधा त्याच दिवशी घरी जातं. मात्र या प्रकारात काही वर्षांनी डोळा पुन्हा सरकू शकतो, दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागू शकते, हे सर्जनने आधीच सांगायला हवं.

आजोबांचं प्रकरण अगदी वेगळं आहे. तिरळेपणा आणि जास्त प्लस नंबर घराण्यात चालतो, हे खरं. पण मोठेपणी अचानक दोन दिसायला लागतं तेव्हा पहिला प्रश्न एकच, एक डोळा झाकल्यावर दुसरं चित्र जातं का? जात नसेल तर कारण बहुधा त्या डोळ्यातच, मोतीबिंदूसारखं. जात असेल तर दोन डोळ्यांचा मेळ बिघडलाय. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांत डोळा बाहेर वळवणारी सहावी नस काही काळ अशक्त होते, आणि साधारण तीन महिन्यांत पुष्कळदा आपोआप सुधारते. आजोबांचं तसंच झालेलं दिसतंय. नातवाचा त्याच्याशी संबंध नाही. पण हे मनात ठेवा: पुन्हा दोन दिसायला लागलं आणि सोबत पापणी खाली पडली, बाहुली मोठी झाली किंवा जोरात डोकं दुखलं, तर त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात न्यायचं. मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा असं लक्षण देऊ शकतो. मुलांच्या बाबतीत घाई करण्याची लक्षणं म्हणजे बाहुलीत पांढरी चमक, अचानक आलेला तिरळेपणा, नव्याने वाकडी धरलेली मान, किंवा डोकेदुखीबरोबर सकाळच्या उलट्या. पांढरी चमक एका फोटोत दिसली तरी दुसऱ्या दिवशीची वाट बघू नका, ती डोळ्यातल्या गाठीची असू शकते.

तर आता काय करायचं. लहान मुलांच्या डोळ्यांचे आणि तिरळेपणाचे तज्ज्ञ गाठा. प्रत्येक डोळा चिकटपट्टी लावून वेगळा तपासायला सांगा. डोळा झाकून-उघडून लांब आणि जवळ किती सरकतो, डोळे किती सेंटिमीटरपर्यंत आत टिकतात, भिंगाची ताकद किती, आणि खोली जाणवते का, हे सगळं कागदावर आकड्यांत लिहून घ्या. खोलीच्या चाचणीत एका पुस्तकात मोठी माशी असते. खास चष्मा लावून मुलाला तिचे पंख चिमटीत धरायला सांगतात. दोन्ही डोळे एकत्र चालणाऱ्या मुलाची बोटं कागदाच्या वर, हवेतच थांबतात आणि ते दचकून आईकडे बघतं. ज्याचा एक डोळा बाद आहे त्याची बोटं सरळ कागदाला टेकतात. तुमच्या मुलाची बोटं कुठे थांबतात ते नक्की बघा, आणि डॉक्टरांना डोळ्याच्या मागच्या पडद्याची तपासणीही करायला सांगा.

औषध घालून नंबर बघायला थेंब किंवा ॲट्रोपिनचं मलम, जे डॉक्टर ठरवतील ते. मलम असेल तर तांदळाच्या दाण्याएवढंच घालायचं, बाहेर आलेलं पुसायचं, नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा. चेहरा लाल झाला किंवा ताप आला तर पुढचं मलम थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. मलमाने जवळचं दहा-बारा दिवस धूसर दिसतं, उन्हाचाही त्रास होतो, म्हणून वार्षिक परीक्षेच्या तोंडावर ते घालू नका. तारीख आधीच मागून घ्या.

तोपर्यंत घरी एवढंच करा. झोपून वाचणं बंद, पुस्तक टेबलावर, ओळीखाली पट्टी, दर दहा मिनिटांनी खिडकीतून लांब बघणं. एक डोळा झाकत असेल तर रागावू नका, त्याला तेवढाच आराम आहे. शाळेतल्या बाईंना चिठ्ठी द्या की तपासणी चालू आहे. गुलाबपाणी, मध, काजळ यांपैकी काही डोळ्यात घालू नका. आणि इंटरनेटवर बघून व्यायाम सुरू करू नका, तपासणीच्या दिवशी मूळ आकडे मिळाले पाहिजेत. व्यायाम ठरलेच तर दोरीत ओवलेले तीन रंगीत मणी लागतील. ते विकत घ्यायची गरज नाही, घरी लोकरीच्या धाग्यात ओवा. मांजा मात्र वापरू नका, त्याला काच असते.

जाताना उत्तरायणचा तो मूळ फोटो आणि त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वाढदिवसाचे, समोरून काढलेले दोन-चार फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा. डोळा कधीपासून सरकतोय हे बुबुळावर पडलेल्या प्रकाशाच्या ठिपक्यावरून त्यांत दिसतं. वेळ मागताना शाळा सुटल्यानंतरची, संध्याकाळची मागा. थकलेला डोळा खरं काय ते दाखवतो.